एलान : तासाचा सेकंदागणिक हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर

बी.एड. किंवा एम.एड. केलेल्या माणसाला फ्लँडर्स यांची वर्गनिरीक्षणाची पद्धत माहीत नाही असे होत नाही. वर्गात मागे बसायचे, एक डोळा घड्याळावर ठेवायचा आणि दर तीन सेकंदांनी वहीत एक आकडा टाकायचा. १ ते ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, ८ आणि ९ मुलांच्या बोलण्याचे, १० म्हणजे शांतता किंवा गोंधळ. मिनिटाला वीस, म्हणजे ३५ मिनिटांच्या तासाला ७०० आकडे. नेड फ्लँडर्स यांनी ही पद्धत अमेरिकेत मांडली तेव्हा वर्गात काय चालते हे मोजण्याची ती मोठी सोय होती, आणि तिचे ऋण मी मानते. पण तिच्यात एक अडचण पहिल्यापासून आहे. आकडा लिहिला की तो क्षण गेला. तोंडी परीक्षेत कुणी विचारले, "इथे ४ का घातलात, ५ का नाही?" तर वहीकडे बोट दाखवण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

एलान मी वापरायला घेतले ते या प्रश्नाचे उत्तर हवे होते म्हणून. सातारा जिल्ह्यात मी शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करते आणि सध्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या चौथीच्या गणिताच्या तासांचा अभ्यास चालू आहे. शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात, त्या थांबण्यात मुले काय करतात, एवढाच विषय. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांमध्ये हे मोजले होते. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात, असे त्यांना दिसले. आता एक सेकंद आणि तीन सेकंद यांतला फरक मागच्या बाकावर बसून वहीत कसा पकडणार? त्याला चित्रीकरण लागते, आणि चित्रीकरण सेकंदाच्या तुकड्यांत वाचता येईल असे साधन लागते.

हे सॉफ्टवेअर नेदरलँड्समधल्या नाइमेगनच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूट फॉर सायकोलिंग्विस्टिक्सने तयार केले आहे. फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. मुळात ते भाषेचे अभ्यासक, हातवाऱ्यांचे आणि खुणांच्या भाषांचे अभ्यासक यांच्यासाठी बनले. शिक्षणाच्या संशोधनाला ते इतके चपखल बसते याचे कारण उघड आहे: वर्गातही बोलणे, हातवारे आणि गप्प बसणे हे सगळे एकाच वेळी चाललेले असते.

उघडल्यावर वर व्हिडिओ, त्याखाली आवाजाची लहर आणि तिच्याखाली आडव्या पट्ट्या दिसतात. या पट्ट्यांना टिअर म्हणतात. मी पाच ठेवल्या आहेत: शिक्षकाचे बोलणे, मुलांचे बोलणे, फळ्यावरची कृती, थांबणे आणि माझा शेरा. व्हिडिओचा हवा तो तुकडा माउसने निवडायचा, पट्टीवर टाकायचा, त्यात लिहायचे. सुरुवात कुठे, शेवट कुठे, लांबी किती, हे मिलिसेकंदांत आपोआप नोंदले जाते. मराठीत लिहिता येते, अगदी मुले बोलतात तसे. "बाई, माझं झालं", "सर, ह्यानी बघून लिवलं" हे जसेच्या तसे पट्टीवर येते. शोधनिबंध इंग्रजीत लिहायचा असला तरी मूळ नोंद मुलांच्या बोलीत राहते, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आमच्याकडची कितीतरी वर्गनिरीक्षणे नोंद होतानाच पुस्तकी मराठी होऊन जातात, मग मुलाने नेमके काय म्हटले होते हे कुणालाच सांगता येत नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगते, म्हणजे साधनाची ताकद कशात आहे ते कळेल. तास अपूर्णांकांचा. सरांनी फळ्यावर दोन भाकऱ्या काढल्या, एकीचा पाव भाग रंगवला, दुसरीचा अर्धा, आणि विचारले, "पाव आणि अर्धा मिळून किती?" वर्गात बसलेल्या माझ्या विद्यार्थिनीने वहीत लिहिले: शांतता, मग सरांनी उत्तर सांगितले. तिचे काहीच चुकले नव्हते, तिला तेच ऐकू आले होते. घरी आल्यावर आम्ही चित्रीकरण एलानमध्ये उघडले. सरांचा प्रश्न संपतो तिथे लहर सपाट होते. ती सपाट रेघ १.४ सेकंदांची आहे, पण तिच्या शेवटाकडे एक बारीक उंचवटा दिसतो. तेवढाच तुकडा निवडून पुन्हा पुन्हा, कमी वेगाने ऐकला. खिडकीकडच्या रांगेतली एक मुलगी खाली बघत म्हणते, "पाऊण." त्याच क्षणी सर म्हणतात, "पाऊण होतं बघा, पाऊण." त्यांच्यापर्यंत तिचा आवाज पोचलाच नाही.

वहीत हा तुकडा १० होता, चित्रीकरणात तो मुलाचे उत्तर ठरतो. आणि माझ्या अभ्यासाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काय असणार? उत्तर आले होते, थांबणे कमी पडले.

मात्र हा उंचवटा दिसला तो एलानमुळे नव्हे, बाकावर ठेवलेल्या आवाजाच्या रेकॉर्डरमुळे. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण बरेच जण सॉफ्टवेअर उतरवून घेतात आणि मग ‘काहीच ऐकू येत नाही’ म्हणून सोडून देतात. पत्र्याच्या छपराची शाळा, वर घरघरणारा पंखा, शेजारी दुसरीचे पाढे चाललेले. अशा वर्गात फोनच्या माईकवर भरवसा ठेवता येत नाही. शिक्षकाला कॉलर माईक लावायचा आणि मुलांमध्ये, मधल्या रांगेच्या बाकावर, फडक्याची घडी घालून तिच्यावर एक छोटा रेकॉर्डर ठेवायचा. घडी नसली तर बाकाचा प्रत्येक ठोका त्यात उतरतो. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवायची. एलानमध्ये वेगवेगळ्या फायली जुळवण्याची वेगळी सोय आहे. टाळीचा उंचवटा प्रत्येक फायलीत शोधला, जुळवला की व्हिडिओ आणि दोन्ही आवाज एकत्र चालतात. लहर दिसण्यासाठी आवाजाची फाइल डब्ल्यूएव्ही प्रकारची द्यावी, म्हणजे कटकट राहत नाही.

कॅमेरा कुठे ठेवायचा याचा विचार टिम्स या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय पाहणीच्या व्हिडिओ अभ्यासाइतका बारकाईने फार कमी ठिकाणी झाला असेल. १९९५च्या फेरीत जर्मनी, जपान आणि अमेरिकेतले आठवीच्या गणिताचे २३१ तास चित्रित झाले. तेव्हा कॅमेरा एकच होता. पुढे १९९९च्या फेरीत दोन कॅमेरे आले: एक शिक्षकामागे फिरणारा, दुसरा मुलांकडे तोंड करून एका जागी उभा. आमच्याकडे दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी आणि तो हाताळणाऱ्या माणसासाठी पैसे नसतात. पण दोन साधे फोन आणि दोन तिपाया जमतात. एक मागच्या कोपऱ्यातून फळ्याकडे, एक पुढच्या कोपऱ्यातून मुलांकडे, आणि दोन्ही खिडक्यांकडे पाठ करून. खिडकीसमोर फोन ठेवला तर मुलांचे चेहरे काळे येतात आणि कोण बोलले हे ओठांवरून ओळखायचा मार्गच बंद होतो. फोनला हात लावायचा नाही, फिरवायचा नाही. कॅमेरा जिकडे वळतो तिकडेच काहीतरी घडते आहे असा निवाडा चित्रीकरण करणारा नकळत करून टाकतो, आणि पुढच्या सगळ्या नोंदी त्या निवाड्यावर उभ्या राहतात.

मुले कॅमेऱ्याकडे बघून वेगळी वागतात ही शंका प्रत्येक सादरीकरणात येते, आणि ती रास्त आहे. उपाय जुना आहे: सुरुवातीचे तास नुसते चित्रित करायचे, अभ्यासात धरायचे नाहीत. मुलांना फोन दाखवायचा, त्यात त्यांना स्वतःला बघू द्यायचे. मुले लवकर विसरतात. शिक्षकांना वेळ लागतो, आणि त्यांचे तास किती ‘दाखवायचे’ झाले आहेत हे पाहायचे असेल तर मधल्या सुट्टीनंतरच्या तासाची वही आणि चित्रीकरणाच्या तासाची वही शेजारी ठेवून बघावी.

आता मुद्द्याचे. विश्वासार्ह माहिती, विश्वासार्ह माहिती असे आपण म्हणतो, ती येते कुठून? दोन माणसांनी एकमेकांना न विचारता तोच तास पाहिला आणि त्यांच्या नोंदी जुळल्या, तिथून. एलानची खरी कसोटी मी इथे लावली आणि इथे ते उत्तम उतरले.

पहिली सोय साच्याची. पट्ट्या, त्यांची नावे, संकेतांच्या (म्हणजे तुकड्यांना द्यायच्या ठरावीक नावांच्या) याद्या एकदा ठरवून साचा म्हणून जतन केल्या की प्रत्येक तास त्याच साच्यात उघडतो. दुसरी सोय बंदिस्त यादीची. संकेत हाताने लिहायचाच नाही, यादीतून निवडायचा. मराठीत काम करणाऱ्यांना याचे महत्त्व जास्त आहे. एकीने ‘प्रश्न’ लिहिले, दुसरीने दुसऱ्या कळफलकावरून ‘प्रश्‍न’ लिहिले. डोळ्याला दोन्ही जवळजवळ सारखे, पण एकात न दिसणारे जोडचिन्ह आहे, आणि संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे संकेत. एक्सेलमध्ये मोजायला गेल्यावर बेरीज का जुळत नाही हे शोधण्यात अख्खी दुपार जाते. यादीतून निवडले की हा प्रश्नच उरत नाही.

तिसरी सोय म्हणजे दोन नोंदकांमधली जुळणी काढणे. ती मेनूतच आहे. कोहेनचा कप्पा, म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वगळून काढलेले जुळणीचे माप, काढता येतो, आणि दोघींचे तुकडे किती टक्के एकमेकांवर पडले तर जुळले म्हणायचे, हेही आपण ठरवायचे. इथे एम.एड.च्या विद्यार्थ्यांना कळकळीने सांगते: नुसती टक्केवारी देऊन थांबू नका. समजा, तुमच्याकडे दोनच संकेत आहेत, शिक्षक बोलतात आणि मूल बोलते. दोन्ही नोंदक ८० टक्के वेळा ‘शिक्षक’ लिहितात. मग डोळे मिटून लिहिले तरी योगायोगाने ६८ टक्के जुळेल: ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४, अधिक ०.२ गुणिले ०.२ म्हणजे ०.०४. आता तुमची प्रत्यक्ष जुळणी ८५ टक्के आली. ऐकायला झकास. पण कप्पा निघतो (०.८५ वजा ०.६८) भागिले (१ वजा ०.६८), म्हणजे सुमारे ०.५३. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७च्या प्रचलित कोष्टकात तो ‘मध्यम’ गटात पडतो. आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत शिक्षकांचेच बोलणे जास्त असते, त्यामुळे आपल्या टक्केवारीला ही सूज हमखास असते.

कप्पा कमी आला की सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही, संकेतपुस्तिका, म्हणजे कुठला संकेत कधी लावायचा याची नियमावली, बदलावी लागते. ‘पाऊण’च्या तुकड्यावर आमच्या दोन नोंदकांचे एकमत नव्हते. एक म्हणाली, सरांनी ऐकलेच नाही तर ते उत्तर कसले? दुसरी म्हणाली, मुलीने तर दिले ना! दोघींचेही म्हणणे तर्काला धरून होते. शेवटी पुस्तिकेत नियम लिहिला: शब्द ओळखता येत असेल तर ते मुलाचे उत्तर, शिक्षकांनी ऐकले की नाही ते वेगळ्या पट्टीवर नोंदायचे. एलानमध्ये अशी मूळ पट्टीला बांधलेली उपपट्टी करता येते, मूळ तुकडा सरकवला की तीही सरकते. या उपपट्टीतूनच पुढे आम्हाला ‘न ऐकलेली उत्तरे’ हा नवा गट मिळाला. कागदावर काम केले असते तर हा मतभेद कुणाच्या कानावरही आला नसता.

तक्रारी आहेत, आणि त्याही सांगते. पहिल्या आठवड्यात हे सॉफ्टवेअर अंगावर येते. मेनूंची गर्दी, दिसायला जुनाट, आणि वापरायच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. टिअर आणि टिअरचा प्रकार यांतला फरक कळेपर्यंत डोके भणभणते. कुणीतरी शेजारी बसून शिकवले तर एका बैठकीत जमते, एकट्याने केले तर चिकाटी लागते. नव्या फोनमधले एच.२६५ प्रकारचे व्हिडिओ कित्येक संगणकांवर त्यात नीट चालत नाहीत. शिवाय फोन फ्रेमचा वेग (सेकंदाला किती चित्रे टिपायची ते) कमीजास्त करतो, त्यामुळे तासाच्या शेवटाकडे वेगळा घेतलेला आवाज आणि चित्र यांच्यात फट पडू शकते. दोन्हींवर उपाय एकच: हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घेऊन आधी एच.२६४ मध्ये आणि स्थिर फ्रेमवेगात रूपांतर करून घ्यायचे. ७२०पी पुरे, त्याहून मोठी फाइल जुन्या लॅपटॉपला झेपत नाही.

आणखी एक. एलानच्या फायलीत व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. पेनड्राइव्हवर नुसती नोंदींची फाइल दिली तर समोरच्याला काहीच दिसत नाही. व्हिडिओ, आवाज आणि नोंदींची फाइल एकाच फोल्डरमध्ये ठेवायची सवय लावून घ्यावी. दोघींना एकाच वेळी एकाच फायलीवर काम करता येत नाही. दुहेरी नोंदीच्या दृष्टीने मला ते बरेच वाटते, पण मोठ्या गटाला अडचणीचे होईल.

वेळेचा हिशेबही आधीच समजून घ्या. ३५ मिनिटांचा एक तास शब्दशः उतरवून, संकेत लावून, तपासून होईपर्यंत दोन दिवस कुठे जातात कळत नाही. म्हणून सगळे तास शब्दशः उतरवू नका. आधी नुसते प्रश्नांचे तुकडे पाडा. त्यासाठी तुकडे पाडण्याची वेगळी पद्धत दिली आहे: व्हिडिओ चालू ठेवायचा आणि तुकडा सुरू होताना व संपताना कळ दाबायची. मग फक्त त्या तुकड्यांमध्ये लिहा. हा मार्ग धरला तर एका एम.एड. प्रबंधात बसेल एवढे काम होते.

मुलांच्या चित्रीकरणाबद्दल दोन शब्द. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचे प्रत्येक जण मूल आहे, आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. कायद्यात संशोधनाला काही सवलत दिलेली आहे. पण तिच्या आधाराने पालकांना न विचारता कॅमेरा लावणे मला मुळीच मान्य नाही. आम्ही पालकसभेत जातो, चित्रीकरणाचा नमुना दाखवतो, कुणाच्या ताब्यात राहील आणि कधी पुसले जाईल ते सांगतो. ज्या पालकांना नको असते त्यांच्या मुलांना कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरच्या बाकांवर बसवतो, तासाला मात्र ती असतातच. त्या मुलाने प्रश्न विचारला तर आवाजाचा तो तुकडा लिहून घेत नाही. एलान इंटरनेटशिवाय चालते, व्हिडिओ आपल्याच संगणकावर राहतो, कुठल्याही परक्या सर्व्हरवर जात नाही. बोलणे आपोआप लिहून देणाऱ्या ऑनलाइन सेवा वापरायचा मोह होतो, पण मुलांचे आवाज तिथे चढवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नसतो. पालकांना हे समजावून सांगताना ‘हे आमच्या लॅपटॉपच्या बाहेर जात नाही’ असे ठामपणे म्हणता येते, आणि ते म्हणता येणे मला सॉफ्टवेअरच्या कुठल्याही सोयीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

पर्यायांचेही सांगते. तुरीन विद्यापीठात तयार झालेले बोरिस हेही फुकट आहे. ते प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी बनले. प्रत्येक वागणुकीला एक कळ द्यायची आणि व्हिडिओ बघत कळा दाबत जायच्या. किती मुलांनी हात वर केला, कोण किती वेळा जागेवरून उठले, एवढेच मोजायचे असेल तर बोरिस जास्त चटपटीत आहे, आणि वर्गात बसून थेट नोंद करायलाही चालते. कप्पा तेही काढते. पण बोलणे लिहून ठेवायचे असेल तर एलानला तोड नाही. विकत घ्यायची सॉफ्टवेअर बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडणारी नसतात, आणि या कामासाठी त्यांची गरज मला तरी पडलेली नाही.

ज्या शिक्षकांना कृतिसंशोधनासाठी आपल्याच वर्गातला एखादा तास बघायचा आहे, त्यांनी एलानच्या नादी लागायची आवश्यकता नाही. फोनवर चित्रीकरण करा, वही घेऊन बसा, प्रश्नांच्या वेळा टिपा, पुरेसे आहे. पण एम.एड. किंवा पीएच.डी. करत असाल, तुमच्या नोंदींवर दुसऱ्या कुणी निष्कर्ष उभे करणार असेल, तर एलान शिका. मार्गदर्शकांना माझी विनंती आहे की प्रबंधाच्या परिशिष्टात नुसते कोष्टक घेऊ नका. संकेतपुस्तिका मागा, निदान दहा-वीस टक्के तासांची दुसऱ्या नोंदकाने केलेली नोंद मागा, आणि दोन्हींच्या फायली उघडून कुठलाही एक तुकडा स्वतः ऐका.